सहावा रिसीव्हर

कुठल्याही संघातून बाहेर पडायला एक कागद पुरतो. माझा कागद चांगल्या जाडीचा होता, इंग्रजीत होता आणि दोन प्रतींत होता. त्यातले 'विथ इमिजिएट इफेक्ट' हे शब्द मी ठळक करून घेतले होते. एखादा देश स्वतंत्र होतो तेव्हा तिथल्या पंतप्रधानाला जे वाटत असेल, ते मला त्यावर सही करताना वाटलं. फरक इतकाच की सही करून घरी आल्यावर पंतप्रधानाच्या घरचा टीव्ही बंद पडलेला नसतो.

ही गोष्ट दोन हजार सालातली. शारजात रोला भागात आमची बिल्डिंग होती आणि तिच्यात आम्हा सहा कुटुंबांची डिश कमिटी होती. पद्धत अशी की गच्चीवर एक मोठी डिश, तिच्या शेजारी कुलूपबंद पत्र्याची टपरी आणि टपरीत सहा रिसीव्हर. प्रत्येक घराने एक रिसीव्हर आणायचा, त्यावर आपल्या पसंतीचं एक चॅनेल लावायचं, आणि सहाही चॅनेलं वायरीतून सहाही घरांत जायची. म्हणजे द्यायचं एक आणि घ्यायची सहा. मी हमरिया फ्री झोनमध्ये एका ॲल्युमिनियमच्या कंपनीत आयात-निर्यातीची कागदपत्रं बघत असे, त्यामुळे करार म्हणजे काय असतो हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. निदान मी तसं चारचौघांत म्हणत असे.

कमिटीचे अध्यक्ष चौथ्या मजल्यावरचे कुरियन. ते एका हॉस्पिटलात एक्स-रे काढायचे आणि माणसाकडेही त्याच नजरेने बघायचे. टपरीची किल्ली त्यांच्या कमरेला असायची. दुसऱ्या मजल्यावर भाटिया, दुबईत कापडाचं दुकान, क्रिकेटचं वेड इतकं की मॅच चालू असताना गिऱ्हाईक आलं तर तो त्याला बसवून स्कोअर सांगायचा. आमच्या समोरच्या दारात राजापूरच्या हव्वाबी, त्यांचे यजमान बोटीवर, वर्षातले आठ महिने समुद्रात. उरलेली दोन घरं प्रत्येक ठरावाला 'कुरियनसार जो बोले' असं म्हणत आणि चहा पिऊन जात.

माझ्या रिसीव्हरवर आधी हिंदी सिनेमे लागायचे, तोपर्यंत मी बिल्डिंगमधला अत्यंत लोकप्रिय गृहस्थ होतो. मग मराठी चॅनेल आलं. ते इथे दिसू लागलं त्या दिवशी मी कोणालाही न विचारता माझा रिसीव्हर त्याच्यावर नेला. मिसेस भाटिया त्यानंतर लिफ्टमध्ये माझ्याकडे पाठ करून उभ्या राहू लागल्या. पण आमच्या घरात सणच सुरू झाला. शोभना पोळ्या लाटता लाटता बातम्या ऐकायची. बातम्यांत सांगलीच्या बाजारात हळदीला काय भाव आला ते सांगायचे आणि आम्ही दोघं तो भाव काळजीपूर्वक ऐकायचो. आमचा हळदीशी संबंध फोडणीपुरता.

आणि मग कुडाळहून सासूबाईंचा फोन आला. शोभनाने तो घेतला आणि एकदम स्टुलावरून उठली. एका हातात फोन, दुसऱ्या हाताने माझा शर्ट धरून ती नाचायलाच लागली.

"अहो, आई टीव्हीवर येणार! मराठी चॅनेलवर! शिरवाळे करून दाखवणार!"

आमच्या सासूबाई, सत्यभामाबाई, यांचे शिरवाळे म्हणजे तांदळाच्या उकडीच्या साच्यातून पाडलेल्या शेवया आणि सोबत गूळ घातलेला नारळाचा रस. जावई म्हणून गेलो की पहिल्या दिवशी मला तेच मिळत. चॅनेलवाल्यांनी त्यांना मुंबईला नेलं होतं, गाडी पाठवली होती, तोंडाला पावडरही लावली होती. कार्यक्रम नवाच होता, पहिला भाग पुढल्याच्या पुढल्या शुक्रवारी.

इथे एक सांगायला हवं. शोभनाने आईला तीन वर्षं पाहिलेलं नव्हतं. एका वर्षी माझी रजा रद्द झाली, एका वर्षी ईशानीची शाळा, एका वर्षी तिकिटांचे भाव. सासूबाईंचे गुडघे असे की त्या विमानात बसणं शक्य नव्हतं. महिन्यातून दोन फोन व्हायचे, तेही घड्याळाकडे बघत. तेव्हा हा कार्यक्रम म्हणजे गंमत नव्हती. माझ्या बायकोला तिची आई अर्धा तास बघायला मिळणार होती आणि तो अर्धा तास माझ्या रिसीव्हरमधून येणार होता. मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की मी संध्याकाळी उगाचच एकदा गच्चीवर जाऊन टपरी बाहेरून बघून आलो.

त्याच आठवड्यात भाटियाचा रिसीव्हर जळला.

शारजात क्रिकेटचा कप चालू होता. मी हमरियाहून घरी आलो तर मराठी चॅनेलच्या जागी कोणीतरी बॉल पँटला पुसत होता. मी चौथ्या मजल्यावर गेलो. कुरियननी सांगितलं, कमिटीने तातडीची मीटिंग घेऊन माझा रिसीव्हर कप संपेपर्यंत क्रिकेटला दिला आहे.

"मीटिंग में मैं नहीं था," मी म्हणालो.

"परुळेकर सार, आप ऑफिस में था. इसलिये तो मीटिंग जल्दी खतम हुआ."

मी मीटिंग पुन्हा भरवायला लावली. त्या मीटिंगमध्ये मी शांतपणे, मुद्देसूद बोललो. मूळ करार, सहा घरांचे समान हक्क, माझ्या सासूबाई. शुक्रवारचं नाव काढताच भाटिया उसळला.

"फ्रायडे को फायनल है, यार!"

"मॅच अढाई बजे है. प्रोग्राम सुबह है," कुरियन म्हणाले. खरं तर भांडण तिथेच मिटलं होतं. सकाळी शिरवाळे, दुपारी फायनल. आता उठून चहा प्यायचा तेवढाच बाकी होता. पण भाटिया हार मानता मानता एक वाक्य बोलला.

"ठीक है, लगा दो. वैसे मराठी चॅनल इस बिल्डिंग में देखता कौन है?"

आणि बाकीचे हसले. मोठ्याने नाही, पण हसले.

माझं असं आहे की मला पैशाचं नुकसान चालतं, झोपेचं चालतं, पण कोणी हसलेलं चालत नाही. मी उठून उभा राहिलो. "फिर मेरा रिसीव्हर यहाँ क्या कर रहा है?" असं म्हणून दार लावून निघालो. घरी येऊन तो कागद टाइप केला, सकाळी कुरियनच्या दाराखालून सरकवला, संध्याकाळी त्यांच्याकडून किल्ली मागून रिसीव्हर काढून आणला आणि कोणाला काही शंका राहू नये म्हणून आमच्या हॉलमध्ये येणारी वायर भिंतीशी, स्वयंपाकघरातल्या कात्रीने, कापून टाकली.

ईशानी, वय वर्षं अकरा, हे सगळं सोफ्यावरून बघत होती. "पप्पा," ती म्हणाली, "नाऊ वी हॅव झीरो चॅनेल्स."

"आता आपण स्वतंत्र आहोत," मी म्हणालो.

"दॅट्स व्हॉट आय सेड."

शोभनाने कात्री उचलून स्वयंपाकघरात नेली. फक्त रात्री ताट वाढताना म्हणाली, "शुक्रवारपर्यंत होईल ना?" मी म्हटलं, "शुक्रवार? अगं, तू फक्त बघ."

आणि खरं सांगतो, पुढचे दोन दिवस मी हवेत होतो. स्वतःची डिश! ऑफिसातल्या प्रकाशने तर माझा हातच हातात घेतला. हा प्रकाश आमच्याकडे स्टोअर सांभाळतो आणि त्याला जगातली प्रत्येक गोष्ट कुठे स्वस्त मिळते ते माहीत असतं. ती चालते का, हे मात्र त्याने कधी विचारलेलं नसतं. "परुळेकर, तुम्ही आधीच सोडायला हवं होतंत. शेजारच्या गोडाउनमध्ये नवी कोरी डिश आहे, सॅम्पलची. रिसीव्हरसकट. साडेतीनशे दिरहम. म्हणजे बघा, चार हजार दोनशे रुपये. फुकटच की!"

मी डिश गाडीच्या टपाला बांधली आणि गाणं म्हणत फ्री झोनच्या गेटवर आलो. गेटवरच्या अधिकाऱ्याने मला ओळखलं. तो रोज माझेच कागद बघायचा.

"परुळेकर, पेपर?"

"पर्सनल है."

तो अत्यंत नम्रपणे हसला. आणि त्या क्षणी मला आठवलं की फ्री झोन म्हणजे कागदोपत्री परदेश. आतली वस्तू बाहेर आणणं म्हणजे आयात. गेली चार वर्षं मी हे वाक्य लोकांना समजावून सांगत होतो. जकात किरकोळ होती, पण रिसीव्हर म्हणजे प्रक्षेपण पकडणारं यंत्र, त्याला वेगळं परवानगीपत्र लागत होतं. अधिकाऱ्याने मला खुर्ची दिली, चहा दिला आणि त्या पत्राला कोणते कागद जोडावे लागतात ते सांगायला लागला. मधेच थांबून म्हणाला, "ये लिस्ट तो आपने ही मुझको टाइप करके दिया था."

डिश परत गोडाउनमध्ये गेली. टपाला बांधलेली दोरी तेवढी परवानगीशिवाय बाहेर आली.

मग दुबईतलं रास अल खोर. तिथल्या जुन्या सामानाच्या दुकानांत जमाल नावाचा मिस्त्री भेटला. माणूस उत्साही होता. डिश दाखवायच्या आधी त्याने मला तीन वेळा हबीबी म्हटलं. डिशला एका बाजूला पोचा होता. "इससे सिग्नल और अच्छा पकडता है," तो म्हणाला. मला इतकी घाई होती की ते मी मान्य केलं. आम्ही ती पिकअपमधून शारजाला आणली. गच्चीची किल्ली कुरियनकडे, ती कमिटीच्या सभासदांसाठी. बाल्कनीच्या कठड्याबाहेर डिश लावायला बिल्डिंगच्या मालकाची बंदी. शेवटी डिश बाल्कनीच्या आत, वाळत घातलेल्या कपड्यांच्या मागे उभी केली. जमालने होकायंत्र काढलं, इकडेतिकडे फिरवलं आणि समोरच्या दहा मजली इमारतीकडे बोट केलं.

"साब, सॅटेलाइट इसके पीछे है."

"फिर?"

"यल्ला, ट्राय करते हैं. इन्शाल्ला कोने से निकल आयेगा."

तो आला! खरंच कोपऱ्यातून आला. डिश चौकटीपासून वीतभर पुढे घेऊन, शोभनाची पैठणी दोरीवरून काढल्यावर, पडद्यावर काहीतरी हललं. मी ओरडलो, ईशानी ओरडली, जमालने माझा मुका घेतला. चित्र स्थिर झालं. त्यावर लिहिलं होतं की हे चॅनेल बघायला कार्ड घाला.

माझ्या रिसीव्हरचं जुनं कार्ड कमिटीच्या परवान्याचं, ते टपरीतच राहिलेलं, पण कार्डाची सोय मी केलेली होती. शोभनाचा भाऊ निनाद मुंबईला असतो, त्याने तिथलं कार्ड एका येणाऱ्या माणसाबरोबर पाठवलं होतं. मी ते घातलं. सगळे पडद्याशी सरकलो. पडद्यावर नवीन ओळ आली: हे कार्ड या प्रदेशासाठी नाही.

"बट इट्स द सेम चॅनेल," ईशानी म्हणाली. "अँड द सेम स्काय."

मला ते पटलं होतं, पण पडद्याशी वाद कसा घालणार.

गुरुवारी दुपारी अर्ध्या दिवसाची सुट्टी होताच मी एजन्सीत पोचलो. चॅनेलवाले भारतात, उपग्रह आकाशात आणि आखातात चॅनेल दाखवायचे हक्क या एजन्सीकडे. काउंटरवर एक मुलगी होती, छातीवर बिल्ला: मनाली. तिने माझं आडनाव वाचलं आणि मराठीतच बोलायला लागली. माझ्या जिवात जीव आला.

"काका, एकट्या घराला मराठी सुटं मिळत नाही. चाळीस चॅनेलचा पूर्ण संच घ्यावा लागतो. आणि आज भरलंत तर कार्ड रविवारी."

"रविवारी! अगं, माझ्या सासूबाई उद्या आहेत!"

"मग तुमच्या बिल्डिंगमध्येच बघा ना. तुमच्याकडे बिल्डिंग परवाना दिसतोय, सहा घरांचा. त्यात तुमचं नाव आहे."

हा माझा अपमान होता. मी खिशातून कागदाची दुसरी प्रत काढली आणि तिच्यासमोर ठेवली. "होतं. मी बाहेर पडलोय. लेखी. विथ इमिजिएट इफेक्ट."

मनालीने कागद वाचला. मग कॉम्प्युटरवर काहीतरी वाचलं. "म्हणजे आता पाचच घरं?"

"पाचच," मी समाधानाने म्हणालो.

"अय्या. पाच घरांना हा परवाना चालत नाही, काका. किमान सहा लागतात. आता तुम्ही लेखी दाखवलंत म्हणजे मला थांबवावा लागणार." आणि तिने एक बटण दाबलं. ते इतकं लहान होतं.

घरी येईपर्यंत सूर्य बुडाला होता. बिल्डिंगच्या जिन्यात मला वरपासून खालपर्यंत दारं उघडी दिसली. प्रत्येक दारातून एकसारखा निळा उजेड येत होता. सगळीच चॅनेलं बंद. मल्याळम बंद, हिंदी मालिका बंद, बातम्या बंद, आणि फायनल दुसऱ्या दिवशी अडीच वाजता.

भाटिया जिन्यातच बसला होता. त्याने खास नवा रिसीव्हर आणून दुकानातली पंधरा माणसं उद्या जेवायला आणि मॅचला बोलावली होती. कुरियन शांत होते, आणि मला त्यांचीच जास्त भीती वाटली. त्यांनी एजन्सीला फोन केला होता. तिथल्या यंत्राने सांगितलं की फायनलमुळे शुक्रवारीही ऑफिस सकाळी दहाला उघडेल. दहाच्या आधी काहीही नाही.

"सिक्स हाऊसेस का साइन चाहिये," कुरियन म्हणाले. "हम फाइव्ह है."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी जर तेव्हाच 'हो' म्हणालो असतो तर मोठा माणूस ठरलो असतो. पण मी म्हणालो, "सोचता हूँ," आणि घरात जाऊन दार लावलं.

आत शोभना बसली होती. तिने उद्यासाठी नवी साडी काढून खुर्चीवर ठेवली होती. आईला टीव्हीवर बघायला नवी साडी!

"कार्यक्रम साडेनऊला आहे," ती म्हणाली. "आई म्हणाली अकरा. अकरातून दीड तास काढला की आपले साडेनऊ." आमच्या हॉलमध्ये दोन घड्याळं होती, एक इथलं आणि एक दीड तास पुढचं, भारताचं. आखातातल्या प्रत्येक मराठी घरात असतं तसं. तिने दोन्हींकडे बघितलं आणि मान खाली घातली. साडेनऊला कार्यक्रम, दहाला ऑफिस. मी सही केली तरी तिला आई दिसणार नव्हती.

"कॅसेट मागवू," मी म्हणालो. "निनाद रेकॉर्ड करेल."

"त्याच्याकडे व्हीसीआर नाही," ती म्हणाली. ती रडली असती तर बरं झालं असतं. ती उठून साडीची घडी घालायला लागली. मला त्या वेळी स्वतःची जितकी चीड आली तितकी भाटियाचीही कधी आली नव्हती.

सकाळी आठला बेल वाजली. दारात हव्वाबी. डोक्यावरून ओढणी, हातात झाकलेली वाटी. ही बाई कधी मीटिंगला यायची नाही, तिच्या यजमानांच्या वतीने कुरियनच मत द्यायचे.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "माझा मराठी कधी लावणार?"

"तुमचा मराठी?"

"आठ दिवस झाले, काय दिसत नाय. यजमान बोटीवर. दिवसभर मी आणि तो चॅनेल. बातम्यांत राजापूर आला तर मी पोरांना ओरडून बोलावते. जेवणाचे कार्यक्रम तर कुरियनच्या बायकोला पण लागतात. तिला भाषा कळत नाय, पण नारळ कळतो. आणि भाटियाची आई येऊन बसते माझ्याकडे. तिला सांगू नका हां मी सांगितलं."

मी दारात उभाच राहिलो. मराठी चॅनल देखता कौन है, याचं उत्तर माझ्यासमोर वाटी घेऊन उभं होतं. त्या मीटिंगमध्ये फक्त पुरुष होते. घरातला टीव्ही दिवसा कोण बघतं हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं.

मी तसाच, पायजम्यावर, चौथ्या मजल्यावर गेलो आणि कुरियनच्या टेबलावर सहावी सही केली. "मेरा प्रोग्राम तो गया," मी म्हणालो, "लेकिन भाटिया का फायनल नहीं जायेगा. चलो."

कुरियननी माझ्याकडे एक्स-रे बघावा तसं बघितलं आणि म्हणाले, "परुळेकर सार, पहले पँट पहनो."

भाटियाची गाडी, भाटिया, मी. आयुष्यात मी इतक्या वेगाने एजन्सीत गेलेलो नाही. दहाला दार उघडलं तेव्हा बाहेर अर्धं शारजा उभं होतं, सगळे फायनलवाले. भाटियाने 'फॅमिली इमर्जन्सी' असं ओरडत वाट काढली. मनालीने मला बघितलं आणि हातातला पेन खाली ठेवला.

"काका, परत आत?"

"परत आत," मी म्हणालो. "सहाच्या सहा."

तिने सह्या मोजल्या, बटण दाबलं आणि म्हणाली, "अर्ध्या तासात सुरू होईल. सासूबाई बघायला मिळाल्या का?"

मी नुसती मान हलवली. भाटियाला मराठी येत नाही, पण मान कळली. परतीच्या वाटेवर त्याने गाडीतला रेडिओ बंद केला. मग सिग्नलला म्हणाला, "यार, वो बात मुझे नहीं बोलनी चाहिये थी." मी म्हणालो, "खलास, बात खतम." खूप दिवसांनी आम्ही दोघं एकदम हसलो.

पावणेअकराला आम्ही जिन्यात पाऊल टाकलं तर वरून शोभनाचा आवाज. फोन कानाला, वायर ताणून दारापर्यंत आलेली. "अहो! धावा! आईचा फोन आहे!" आणि तिने फोन माझ्या कानाला लावला. सासूबाई कुडाळहून ओरडत होत्या:

"अगो, रडतंस कित्याक? अजून लागूक नाय तो! मी तुज्या थयल्या घड्याळान अकरा सांगलंय! दीड तास मीच काडलेलो!"

नऊ वर्षं त्या बाई फोन करण्याआधी दीड तास काढत होत्या आणि नऊ वर्षं आम्ही इकडे काढत होतो. या वेळी दोघींनी काढला. मी आनंदाने इतका मोठा ओरडलो की वरच्या-खालच्या मजल्यांवरची माणसं बाहेर आली.

पंधरा मिनिटं! आणि रिसीव्हर माझ्या पलंगाखाली, चादरीत गुंडाळलेला! मी तो छातीशी धरून गच्चीकडे धावलो, लिफ्ट अर्थातच कोणीतरी वर नेलेली. कुरियन किल्ली घेऊन माझ्यापुढे, ईशानी टॉर्च घेऊन मागे. टपरीत भट्टीसारखं तापलेलं. कुरियननी चष्मा कपाळावर चढवला आणि हाडं जोडावीत तशा वायरी जोडायला लागले. भाटिया दुसऱ्या मजल्यावरच्या आपल्या टीव्हीसमोर, त्याची बायको दारात, हव्वाबी जिन्यात, आणि निरोप वरखाली जात होते.

"आया?"

"नहीं आया!"

"अभी?"

"मुंग्या आल्या!" हव्वाबी ओरडल्या.

"अँट्स आर गुड, अंकल, कीप गोइंग!" ईशानी म्हणाली.

आणि मग खालून एकदम पाच-सहा बायकांचा आवाज आला. काय म्हणाल्या ते कळलं नाही. कळायची गरजच नव्हती.

आमची वायर मी स्वतःच कापलेली, त्यामुळे आमच्या घरात काही दिसणं शक्य नव्हतं. सगळे भाटियाच्या हॉलमध्ये. पंधरा माणसांसाठी मांडलेल्या गाद्यांवर सहा कुटुंबं. शोभना सगळ्यात पुढे, टीव्हीपासून हातभर अंतरावर, नवी साडी घाईत कशीबशी नेसलेली. आणि पडद्यावर सत्यभामाबाई, तोंडाला पावडर, नाकात नथ, समोर साचा.

"हाच आमचा साचा!" शोभना म्हणाली. "बाबांनी केलेला!"

साच्यातून शेवया पडायला लागल्या आणि मिसेस कुरियन उठूनच बसल्या. "ये तो हमारा केरला का इडियाप्पम है!" हव्वाबी म्हणाल्या, "इडियाप्पम कसला, आमच्या राजापूरच्या शेवया." भाटियाची म्हातारी आई ठामपणे म्हणाली की हे तिच्या माहेरचं आहे आणि हे लोक त्याला दूध घालायला विसरले. वाद पेटला. पदार्थ नेमका कोणाचा यावर सहा घरांची सहा मतं होती, आणि मी एरवी यावर लगेच ठराव मांडला असता, पण मी शोभनाकडे बघत होतो.

सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने सासूबाईंना विचारलं, घरी कोण कोण असतं? सासूबाईंनी पदर सारखा केला.

"लेक शारजाला असते. जावई तिकडच्या बिल्डिंगात टीव्हीचं सगळं बघतात. त्यांच्यामुळे सगळ्या शेजाऱ्यांना मराठी दिसतं, असं माझी लेक सांगते."

"क्या बोला?" भाटियाने विचारलं.

ईशानीने माझ्याकडे एकदा बघून घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं भाषांतर केलं. "शी सेड, बिकॉज ऑफ माय डॅड, द होल बिल्डिंग गेट्स टीव्ही."

 काल संध्याकाळी ज्यांच्या घरात निळा उजेड होता ते सगळे माझ्याकडे बघत होते. मी गादीच्या कोपऱ्यावरचा एक दोरा ओढत बसलो. मग कुरियन गंभीरपणे म्हणाले, "करेक्ट. ऑफ भी वही करता है." आणि सगळं घर हसलं. मी हसलो, सगळ्यात मोठ्याने मीच हसलो. मला कोणी हसलेलं चालत नाही असं मी वर लिहिलं आहे, ते त्या दिवसापर्यंतचं.

शेवटी त्या मुलीने विचारलं, "आजी, लेक बघत असेल. तिला काही सांगायचंय?"

सासूबाई चुकीच्या कॅमेऱ्याकडे बघत होत्या. कोणीतरी खूण केली असावी, कारण त्या वळल्या आणि एकदम सरळ आमच्याकडे बघायला लागल्या. पावडर लावलेला तो चेहरा अगदी जवळ आला. खूप काही तयार करून आल्या असतील, पण विसरल्या. शेवटी एवढंच म्हणाल्या:

"शोभना, जेवलंस काय गो?"

"जेवले, आई," शोभना टीव्हीला म्हणाली.

कालपासून तिच्या पोटात पाणीसुद्धा नव्हतं. भाषा न कळताही ते तिथल्या प्रत्येक बाईला कळलं. मिसेस भाटिया उठल्या, पंधरा माणसांसाठी केलेल्या जेवणातलं पहिलं ताट वाढून आणलं आणि टीव्हीवरच्या सत्यभामाबाईंच्या देखत माझ्या बायकोच्या हातात दिलं.